ओळखपत्राचे छायाचित्र : घरच्या घरी, नियमाबरहुकूम

जून महिना उजाडला की राज्यातील तहसील कार्यालये, सेतू केंद्रे आणि आपले सरकार सेवा केंद्रे यांच्यापुढे विद्यार्थी व पालक यांची वर्दळ वाढते. अभियांत्रिकी, वैद्यकीय आदी अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र हाताशी असावे लागते आणि प्रवेशाचे वेळापत्रक कोणासाठी थांबत नाही. त्याच सुमारास टोकियो, लंडन किंवा म्युनिक येथे शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबे निवास परवान्याच्या नूतनीकरणाचे किंवा भारतीय पारपत्राचे अर्ज भरीत असतात. या सर्व अर्जांत एक गोष्ट समान असते, ती म्हणजे अर्जदाराचे लहानसे छायाचित्र.

इतर सर्व कागद बिनचूक असताना केवळ छायाचित्र नियमात बसत नाही म्हणून अर्ज परत येणे ही दुर्मीळ बाब नव्हे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये नागरिकास ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क आहे. मात्र ही मुदत मोजली जाते ती सर्व दृष्टींनी परिपूर्ण असा अर्ज दाखल झाल्यापासून. अपुऱ्या अर्जाबरोबर गेलेले दिवस हिशेबात धरले जात नाहीत. परदेशात तर निवास परवान्याची मुदत संपण्याचा दिवस जवळ आलेला असताना परत आलेला अर्ज नोकरी आणि राहणे या दोन्हींवर संकट आणू शकतो. वस्तुतः नियमात बसणारे छायाचित्र घरी घेणे अवघड नाही. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. नियम कशासाठी आहेत याची जाण मात्र लागते.

छायाचित्र नव्हे, मोजमाप

लग्नसमारंभात किंवा स्टुडिओत काढलेले छायाचित्र माणूस कसा शोभून दिसतो हे सांगते. ओळखपत्रावरील छायाचित्राचे काम निराळे आहे. समोर उभी असलेली व्यक्ती तीच आहे काय, या एकाच प्रश्नाचे उत्तर त्याने द्यावयाचे असते. म्हणून ते सुंदर असण्यापेक्षा तुलनेस योग्य असणे आवश्यक ठरते.

या विचाराचा उगम जुना आहे. पॅरिसच्या पोलीस खात्यातील आल्फोन्स बर्तिलाँ याने १८८०च्या दशकात ठरावीक अंतरावरून, ठरावीक प्रकाशात, समोरून व बाजूने छायाचित्रे घेण्याची शिस्त घालून दिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात पारपत्रावर धारकाचे छायाचित्र लावण्याची पद्धत रूढ झाली. त्या काळच्या पारपत्रांवर टोपी घातलेली, खुर्चीवर रेलून बसलेली, क्वचित कुटुंबासमवेत घेतलेली छायाचित्रेही आढळतात. पुढे विमानप्रवास वाढला आणि मॉन्ट्रियल येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० मध्ये ९३०३ क्रमांकाचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. यंत्राने वाचता येणाऱ्या प्रवास-कागदपत्रांचे हे जागतिक प्रमाण होय. २००२ साली या संघटनेने, यंत्राच्या साहाय्याने ओळख पटविण्यासाठी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांतील बुबुळ यांच्याआधी चेहऱ्याला अग्रक्रम दिला. तेव्हापासून छायाचित्र हे केवळ अधिकाऱ्याने पाहावयाचे चित्र राहिले नाही. दोन डोळ्यांमधील अंतर, नाकाचा आकार, हनुवटीची रेषा यांची मोजणी यंत्र त्यावरून करते.

कागद बदलला तरी ही गरज संपत नाही. ब्रिटनने निवास परवान्याची प्लॅस्टिक कार्डे मागे घेऊन २०२४ अखेरपर्यंत ई-व्हिसाची पद्धत स्वीकारली. तेथे कार्ड गेले, परंतु परवानाधारकाचे छायाचित्र त्याच्या ऑनलाइन नोंदीत राहिलेच.

आधी चौकशी, मग कॅमेरा

छायाचित्र घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. घरी घेतलेले छायाचित्र त्या कामासाठी चालते काय, आणि चालत असल्यास कोणत्या आकाराचे हवे, हे अर्जासोबतच्या सूचनांत दिलेले असते.

काही ठिकाणी घरच्या छायाचित्राला वावच नाही. आधारसाठी छायाचित्र नोंदणी केंद्रातच घेतले जाते. भारतात पारपत्राचा अर्ज करणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे छायाचित्र पारपत्र सेवा केंद्रात घेतात. चार वर्षांखालील बालकासाठी मात्र ४.५ सेंटिमीटर उंच व ३.५ सेंटिमीटर रुंद, पांढऱ्या पार्श्वभूमीचे छायाचित्र पालकांनी सोबत न्यावयाचे असते. जर्मनीने १ मे २०२५ पासून पारपत्र, ओळखपत्र व परकीय नागरिकांचे निवास परवाने यांसाठी कागदी छायाचित्रे स्वीकारण्याचे बंद केले. तेथे कार्यालयातील यंत्रावर घेतलेले अथवा नोंदणीकृत छायाचित्रकाराने सुरक्षित मार्गाने पाठविलेले डिजिटल छायाचित्रच लागते. कॅनडाच्या कायम निवासी कार्डासाठी दिलेल्या छापील छायाचित्राच्या पाठीमागे स्टुडिओचे नाव, पत्ता व दिनांक असावा लागतो. अशा कामांसाठी घरी खटपट करणे व्यर्थ होय.

याउलट आपले सरकार पोर्टलवरील अर्ज, मतदार नोंदणी, ब्रिटनच्या पारपत्राचा ऑनलाइन अर्ज इत्यादी कामांसाठी घरी घेतलेले छायाचित्र, नियमात बसत असल्यास, चालते. परदेशातील भारतीय वकिलातींनी सप्टेंबर २०२५ पासून पारपत्राच्या अर्जासाठी उपरोक्त आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे छायाचित्र बंधनकारक केले आहे. त्यातील अटी पुरेशा कडक असल्यामुळे पुढील विवेचनात त्याच आधारभूत धरल्या आहेत. या अटींत बसणारे मूळ छायाचित्र एकदा हाती आले की बहुतेक इतर अर्जांसाठी त्यातून योग्य आकाराची प्रत करता येते. फरक पडतो तो मुख्यतः पार्श्वभूमीच्या रंगात. भारतीय पारपत्राला पांढरी पार्श्वभूमी हवी. फ्रान्समध्ये पांढरी चालत नाही, फिकट निळी किंवा फिकट राखाडी लागते.

जागा आणि प्रकाश

घरातील सर्वांत उत्तम जागा म्हणजे मोठ्या खिडकीसमोरची किंवा ओसरीवरची. ऊन थेट अंगावर पडत नाही, पण उजेड भरपूर आहे, अशी सकाळची किंवा दुपार उतरल्यानंतरची वेळ निवडावी. अर्जदाराचे तोंड खिडकीकडे असावे आणि छायाचित्र घेणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून, उजेड अडणार नाही अशा बेताने उभे राहावे. खिडकी एका बाजूस आली तर अर्धा चेहरा उजळ व अर्धा काळवंडलेला येतो. त्या काळोख्या अर्ध्या भागातील तपशील यंत्राला वाचता येत नाही.

डोक्यावरील दिव्याने डोळ्यांच्या खोबणीत व नाकाखाली सावल्या पडतात. खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले तर त्वचेचा रंग बदललेला दिसतो. म्हणून दिवसाच्या उजेडात घरातील दिवे बंद ठेवावेत. फ्लॅशचा वापर टाळावा. त्यामुळे भिंतीवर गडद सावली पडते, कपाळ व नाक चमकते आणि डोळ्यांत लाल ठिपके येतात.

पार्श्वभूमीसाठी साधी पांढरी भिंत पुरते. भिंतीचा रंग उडालेला असेल, तीवर खिळे, दिनदर्शिका किंवा विजेची तार असेल, तर पांढरी चादर इस्त्री करून ताणून लावावी. तिला एकही सुरकुती नसावी. अर्जदाराने भिंतीला टेकून उभे न राहता निदान दोन ते तीन फूट पुढे उभे राहावे, म्हणजे त्याची सावली भिंतीवर न पडता खाली जमिनीवर जाते.

पांढऱ्या पार्श्वभूमीचा एक दोष ध्यानात ठेवला पाहिजे. मोबाइलचा कॅमेरा चित्रातील एकूण उजेड सरासरीने मोजतो. मागे पांढरे क्षेत्र मोठे असले की त्याला दृश्य फार उजळ वाटते आणि तो सर्वच चित्र काळपट करतो. सावळ्या वर्णाच्या माणसांची छायाचित्रे अनेकदा बिघडतात ती या कारणाने. यावर उपाय सोपा आहे. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे आणि बाजूला येणारी उजेडाची खूण किंचित वर सरकवावी. त्वचेचा रंग नैसर्गिक दिसला पाहिजे. तो गोरा दिसणे अपेक्षित नाही.

अंतराचे गणित

स्वतःच हात लांब करून घेतलेले छायाचित्र ओळखपत्राला का चालत नाही, याचे उत्तर साध्या गणितात आहे. नाकाचा शेंडा आणि कान यांच्यात पुढे-मागे सुमारे १२ सेंटिमीटर अंतर असते असे धरू. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ सेंटिमीटरवर येतो. जवळची वस्तू मोठी दिसते या न्यायाने नाक कानाच्या मानाने सुमारे ३० टक्के मोठे उमटते. तोच कॅमेरा १५० सेंटिमीटरवर नेला तर कान १६२ सेंटिमीटरवर येतो आणि हा फरक केवळ ८ टक्के उरतो. जवळून घेतलेल्या चित्रात नाक फुगते, गाल आत जातात, कान लपतात. माणूस तोच असला तरी मोजमाप बदलते. भारतीय वकिलातींच्या सूचनांत १.५ मीटर अंतर सांगितले आहे, त्यामागील तत्त्व हेच.

तेव्हा छायाचित्र दुसऱ्या व्यक्तीने घ्यावे. दुसरे कोणी नसेल तर मोबाइल स्टुलावर किंवा कपाटाच्या फळीवर पक्का टेकवून त्यातील वेळ-यंत्रणा वापरावी. मागच्या बाजूचा कॅमेरा वापरणे इष्ट. पुढचा कॅमेरा बहुधा कमी दर्जाचा असतो आणि काही मोबाइलांत तो आरशाप्रमाणे उलटे चित्र साठवितो. उजव्या गालावरील तीळ डाव्या गालावर गेला तर ओळखीचे चिन्हच चुकले. कॅमेऱ्याचे भिंग अर्जदाराच्या डोळ्यांच्या पातळीवर असावे. ते वर असल्यास कपाळ मोठे व हनुवटी लहान होते, खाली असल्यास उलट घडते. १.५ मीटरवरून चित्र लहान येते म्हणून बोटांनी पडदा ताणून ते मोठे करू नये. डोक्याभोवती व खांद्याखाली मोकळी जागा राहील असे चित्र घ्यावे आणि काटछाट मागाहून करावी.

चेहरा आणि पोशाख

अर्जदाराने खांदे सरळ ठेवून कॅमेऱ्याकडे थेट पाहावे. मान कोणत्याही बाजूस कललेली नसावी. तोंड मिटलेले, डोळे पूर्ण उघडे आणि मुद्रा शांत असावी. हसण्यास मनाई का, असा प्रश्न अनेकांना पडतो. हसताना गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, ओठांची रुंदी वाढते. म्हणजे ज्या खुणांवरून तुलना करावयाची त्याच जागा सोडतात. शांत चेहरा मात्र पाच वर्षांनंतरही त्याच ठेवणीत पुन्हा दाखविता येतो.

चष्मा काढून ठेवावा. काचेवरील चकाकी व चौकटीची सावली डोळे झाकते. अमेरिकेने नोव्हेंबर २०१६ पासून पारपत्र व व्हिसाच्या छायाचित्रात चष्म्यास मनाई केली आणि भारतीय वकिलातींच्या सूचनाही तेच सांगतात. केस डोळ्यांवर किंवा गालांवर येऊ नयेत. गांधी टोपी वा साधा फेटा नित्याचा असला तरी छायाचित्रापुरता उतरवावा. धार्मिक कारणास्तव मस्तक झाकणाऱ्यांना सवलत आहे. तथापि हनुवटीपासून कपाळाच्या वरच्या कडेपर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या कडांसह चेहरा उघडा दिसला पाहिजे, आणि पदराची वा ओढणीची सावली त्यावर पडता कामा नये. चमकदार टिकली व मोठी नथ यांच्यावरून उजेड परावर्तित होतो, म्हणून ती त्या वेळेपुरती काढणे सोयीचे.

पांढरा सदरा किंवा पांढरी साडी पांढऱ्या पार्श्वभूमीत मिसळून जाते आणि खांद्यांची रेषाच नाहीशी होते. गडद, एकरंगी कपडे उत्तम.

बालके आणि वृद्ध

तान्ह्या मुलाला पांढऱ्या, सुरकुती नसलेल्या चादरीवर उताणे निजवून सरळ वरून छायाचित्र घ्यावे. घेणाऱ्याची सावली मुलावर पडू नये. खेळणे, दुपट्याची कड किंवा आईचा हात चित्रात येता कामा नये. काही देशांनी बालकांसाठी नियम सैल केले आहेत. ब्रिटनच्या पारपत्रासाठी एक वर्षाखालील मुलाचे डोळे मिटलेले असले तरी चालते आणि सहा वर्षांखालील मुलाने कॅमेऱ्याकडेच पाहावे असा आग्रह नाही.

वृद्धांच्या बाबतीत घरी छायाचित्र घेण्याचे महत्त्व विशेष आहे. अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीला स्टुडिओत नेण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. त्यांना पाठ ताठ राहील अशा खुर्चीत खिडकीसमोर बसवावे. पाठीमागे काही अंतरावर चादर ताणून धरण्यास दोन माणसे पुरतात. पापण्या जड असल्यास हनुवटी वर उचलू नये, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणावा आणि एकापाठोपाठ दहा-बारा चित्रे घेऊन त्यांतील योग्य ते निवडावे.

आकार आणि काटछाट

वकिलातींनी मागितलेला डिजिटल आकार ६३० पिक्सेल रुंद व ८१० पिक्सेल उंच असा आहे. त्याचे प्रमाण सात-नवांश, म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटर या छापील आकाराचेच आहे. चित्रात चेहऱ्याने ८० ते ८५ टक्के भाग व्यापावा अशी अट आहे. ८१० पिक्सेल उंचीत हे माप सुमारे ६५० ते ६९० पिक्सेल येते. इतर देशांचे आकार वेगळे आहेत. अमेरिकेत दोन इंच चौरस, म्हणजे ५१ मिलिमीटर. जपानच्या निवास कार्डासाठी ३० बाय ४० मिलिमीटर. कॅनडात ५० बाय ७० मिलिमीटर. चौरसातून आयत किंवा आयतातून चौरस करताना चित्र ताणू नये, कारण ताणलेल्या चित्रात चेहरा रुंद वा लांबट होतो. मूळ चित्रावरून नव्याने काटछाट करावी.

ऑनलाइन अर्जात चित्राच्या वजनाचीही मर्यादा असते आणि काही पोर्टलांवर ती केवळ काही किलोबाइटांची असते. अशा वेळी आधी लांबी-रुंदी कमी करावी आणि मग गरज पडल्यास दर्जा उतरवावा. क्रम उलटा केल्यास चेहऱ्यावर चौकोनी ठोकळे उमटतात. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविलेले चित्र वाटेत आक्रसते; ते दस्तऐवज म्हणून पाठवावे. मूळ चित्र मात्र कधीही पुसू नये.

छापील प्रत हवी असल्यास चार बाय सहा इंचांच्या एका कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरची आठ छायाचित्रे बसतात. छापताना ‘कागदाच्या मापात बसवा’ हा पर्याय न निवडता मूळ आकार ठेवावा आणि कापण्यापूर्वी पट्टीने एक प्रत मोजून पाहावी.

दुरुस्तीचा मोह

आजचे मोबाइल न विचारता चेहरा उजळवितात, मुरुमे पुसतात, गालफडे बारीक करतात. ही सोय छायाचित्र घेण्याआधी बंद करावी. संगणकाद्वारे पार्श्वभूमी बदलल्यास कानांच्या कडा आणि केसांच्या बटा कापल्या जातात. वकिलातींच्या सूचनांत संगणकीय फेरफाराला स्पष्ट मनाई आहे. आकारासाठी केलेली काटछाट चालते. चेहऱ्यात केलेला बदल चालत नाही.

या कडकपणास कारण आहे. दोन व्यक्तींचे चेहरे संगणकावर एकमेकांत मिसळून असे चित्र तयार करता येते की, ते दोघांशीही जुळते. २०१८ साली जर्मनीतील एका कलावंत-गटाने आपल्या सदस्येचा चेहरा आणि युरोपीय संघाच्या तत्कालीन परराष्ट्र धोरण प्रमुख फेडेरिका मोगेरिनी यांचा चेहरा असे मिसळून त्या चित्रावर खरेखुरे पारपत्र मिळविले आणि हा धोका जगापुढे मांडला. जर्मनीने पुढे कागदी छायाचित्रे बंद केली त्यामागे अशा फसवणुकीस आळा घालण्याचाच हेतू होता. प्रामाणिक अर्जदाराने केवळ रूप खुलविण्यासाठी केलेला बदलही याच संशयास पात्र ठरतो.

छायाचित्र नाकारले गेल्यास

नियम पाळूनही छायाचित्र नाकारले गेले, तर प्रथम दिलेले कारण वाचावे. सावली, पार्श्वभूमी, आकार यांपैकी काही असल्यास त्या एका गोष्टीची दुरुस्ती करून पुन्हा घ्यावे. यंत्राचा निर्णय मात्र नेहमीच अचूक असतो असे नाही. २०१६ साली न्यूझीलंडच्या पारपत्र प्रणालीने आशियाई वंशाच्या एका अर्जदाराचे उघडे डोळे मिटलेले ठरवून छायाचित्र नाकारले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीतही अनेक चेहरा-ओळख प्रणालींच्या चुकांचे प्रमाण निरनिराळ्या वंशांच्या लोकांसाठी निरनिराळे आढळले. म्हणून छायाचित्र निर्दोष असल्याची खात्री असेल तर अर्जदाराने आपल्या चेहऱ्याला दोष न देता कार्यालयाशी संपर्क साधावा आणि अधिकाऱ्याने ते प्रत्यक्ष पाहावे अशी विनंती करावी.

अर्ज पाठविण्यापूर्वी घरातील दुसऱ्या माणसाने छायाचित्र एकवार तपासावे. दोन्ही डोळे व चेहऱ्याच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसतात काय, भिंतीवर सावली आहे काय, त्वचेचा रंग खरा आहे काय आणि मान सरळ आहे काय, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. अर्जाची मुदत संपण्यास अवकाश असतानाच हे काम उरकावे. ढगाळ हवेमुळे, मूल रडू लागल्यामुळे किंवा चादर मळलेली निघाल्यामुळे छायाचित्र दुसऱ्या दिवशी घ्यावे लागले, तरी मग अर्जाचे नुकसान होत नाही.